मागच्या दाराला कान लावणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका,
स. न. वि. वि.

त्या दिवशी तुम्ही माझ्या गाडीला दोन तास दिलेत आणि घेतलेत तीनशे रुपये, तेही क्लिपा धरून. हा हिशेब मला काही पटला नाही. उरलेली बाकी इथे सगळ्यांदेखत चुकती करतोय.

आठवतंय ना, डावीकडचं मागचं दार? उघडताना कुईं, लावताना कट्ट आणि रस्ता खराब लागला की आतून टक-टक-टक. आई नेमकी त्याच बाजूला बसते. डोळे तपासायला तिला साताऱ्याहून पुण्याला नेत होतो, तर खंबाटकीचा बोगदा संपून शिरवळ येईपर्यंत तिने मला तीनदा विचारलं, "दार नीट लागलंय का रे?" तुमच्याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने "नऊ वर्षांची गाडी, वाजणारच" म्हणून बोळवण केली. दुसऱ्याने न बघताच साडेचार हजार सांगितले.

तुम्ही पान्याला हातही लावला नाहीत. चहा संपवलात, मला म्हणालात, "तुम्ही चालवा," आणि स्वतः मागच्या सीटवर वाकडे होऊन दाराला कान लावून बसलात. पोवई नाक्यापर्यंतचे सगळे स्पीडब्रेकर आपण तसेच पार केले. तळहाताने दाराचं पॅनल एकेका जागी दाबत होतात. दाबल्यावर आवाज थांबला तर चोर तिथंच, एवढं साधं ते. खरं सांगू, डॉक्टरने सुद्धा आजवर माझं एवढं निवांत ऐकून घेतलेलं नाही.

पॅनल उघडलंत तर तीन क्लिपा तुटलेल्या आणि दाराच्या तळाशी एक स्क्रू मोकळा लोळतोय! गेल्या वर्षी काचेची मशीन बदलली तेव्हा कुणीतरी पाडला आणि तसाच आत ठेवून पॅनल लावून टाकलं. तुम्ही तो काही न बोलता माझ्या तळहातावर ठेवलात, मग परत घेऊन त्याच्या जागी बसवलात. पाणी निघून जायची खालची भोकं मातीने बुजली होती, ती सायकलच्या आरीने मोकळी केलीत. जे काळं पाणी निघालं ते बघून मलाच लाज वाटली. आणखी एक पावसाळा गेला असता तर पत्रा आतून सडलाच असता.

कट्ट आवाजाचं मूळ खांबावरच्या लॉकच्या कडीत होतं. सैल करण्याआधी तिच्याभोवती पेनाने रेघ मारून घेतलीत आणि मग केसभर आत सरकवलीत. आधी वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून ओढली की अलगद बाहेर यायची, नंतर ओढली तर फाटली. रबर आता दाबून बसतंय, हे मला कुठल्याही भाषणाशिवाय कळलं.

आणि ती कुईं! सहा महिने मी बिजागरीला तेल पाजत होतो आणि कुरकुरत होती दार अर्ध्यावर अडवणारी पट्टी. ती पुसून तुम्ही बोटभर पांढरं ग्रीस लावलंत, संपलं. तेल म्हणून मी फवारत होतो तो डब्ल्यूडी-४० चा डबा बघून हसलात ते तेव्हा लागलं होतं. घरी येऊन वाचलं, तर त्यातलं डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, १९५३ साली चाळिसाव्या खेपेला जमलेलं पाणी हटवायचं मिश्रण. मी ते फवारून होतं नव्हतं ते ग्रीसही धुऊन काढत होतो की!

रबराला खोबरेल चोळलं म्हणून तुमची बोलणी खाल्ली ती वेगळीच. "तेलाने रबर फुगतं, सिलिकॉन लावा, तेही फडक्यावर घेऊन," हे मी उरलेल्या तिन्ही दारांना करून झालंय. कडीला मात्र हात लावला नाही, तेवढी अक्कल आली.

परवा पुन्हा पुण्याला गेलो. आई खंबाटकीच्या अलीकडेच झोपली, ती थेट कात्रजला उठली. उठल्यावर म्हणाली, "त्या मिस्त्रींना आपला मिक्सर पण ऐकव एकदा."

रविवारी घेऊन येऊ का?

तुमचा,
पांढऱ्या हॅचबॅकवाला