सीरियलचा पुडा उलटा करून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतला न्याहारीच्या सीरियलवरचा लेख वाचला. 'चांगल्या कंपनीचं, मल्टिग्रेन लिहिलेलं घ्यावं' या सल्ल्यापाशी मात्र अडलो. कराडात आमचं किराणा दुकान आहे. कॉर्नफ्लेक्स, चॉकलेटचे गोळे, मुसली, ओट्स सगळं ठेवतो, पुढेही ठेवणार. पण 'यातलं पोरांना कुठलं चांगलं?' असं गिऱ्हाइकानं विचारलं, की मी पुडा उलटा करून हातात देतो. मल्टिग्रेन म्हणजे एकापेक्षा जास्त धान्यं, एवढंच. त्यात मैदा आहे का, साखर किती, हे पुढून कळत नाही.

मागे घटकांची यादी असते, ती वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते. साखर दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर असेल तर विषय संपला. कधी साखर, ग्लुकोज सिरप, मध, माल्ट असे तुकडे वेगवेगळे लिहिलेले असतात, मग एकेक तुकडा यादीत खाली सरकतो. पुढे नाचणीचं कणीस छापलं असेल तर आत नाचणी किती टक्के तेही सांगावं लागतं, ते याच यादीत कंसात असतं. तो आकडा वाचून पुडा परत फळीवर ठेवणारे लोक मी पाहिले आहेत.

त्याखालचा तक्ता जास्त कामाचा. नेहमी 100 ग्रॅमचा रकाना बघावा, 'एका वेळच्या' खाण्याचा नव्हे. मुलांच्या चॉकलेटी प्रकारांत 100 ग्रॅममागे 25 ते 35 ग्रॅम साखर सहज निघते. साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये ती बरीच कमी, पण फायबरही जेमतेम, त्यामुळे शाळेच्या छोट्या सुट्टीआधीच पोराला भूक लागते. साध्या ओट्समध्ये साखर नावाला आणि फायबर 10 ग्रॅमच्या आसपास. तेच ओट्स मसाल्याच्या पाकिटात आले की मिठाचा आकडा बघा. 100 ग्रॅममागे 6 ग्रॅम फायबर असल्याशिवाय 'हाय फायबर' लिहिता येत नाही, तेव्हा हा 6 चा आकडा लक्षात ठेवायला सोपा.

'एका वेळचं' म्हणजे बहुतेक पुड्यांवर 30 ग्रॅम. आमच्याकडे येणाऱ्या एका आजींना मी म्हटलं, नातवाला रोज घालता तेवढं या वाडग्यात घाला. काटा 55 वर गेला. त्या प्रकारात 100 ला 30 ग्रॅम साखर होती, म्हणजे साडेसोळा ग्रॅम, चहाचे चार चमचे. वर दुधात साखर घालतात ती वेगळी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिलेलं बरं म्हणते. पुड्यावर 'रोजच्या प्रमाणाच्या इतके टक्के' असं लिहिलेलं असतं, ती टक्केवारी मात्र 2000 कॅलरी खाणाऱ्या प्रौढाला वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅम धरून काढलेली असते. सात वर्षांच्या पोराला तो हिशेब कसा लागू पडेल?

त्या आजी आपलं वर्तमानपत्र रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात. पण पुड्यावरचं त्यांना वाचता येत नाही, कारण मजकूर इंग्रजीत. नियमाप्रमाणे इंग्रजी किंवा हिंदी चालतं, मराठी कंपनीच्या मर्जीवर. टीव्हीवरची जाहिरात मराठीत करताना ही अडचण येत नाही, हे विशेष!

साखरेचं भांडण तसं जुनंच आहे. अमेरिकेत केलॉग बंधूंमध्ये कॉर्नफ्लेक्समध्ये साखर घालण्यावरून वाजलं होतं. डॉक्टर असलेल्या थोरल्याचा विरोध होता. धाकट्यानं 1906 मध्ये स्वतःची कंपनी काढली. पुढे कोण जिंकलं ते आमच्या फळीवर दिसतंच. चित्रांचे पुडे पोरांच्या नजरेच्या उंचीवर लावायला कंपन्यांचे सेल्समन डिस्प्लेची स्कीम देतात. ज्वारीच्या लाह्या, राजगिऱ्याच्या लाह्या, लाल पोहे यांच्यासाठी कोणी स्कीम घेऊन येत नाही. ते मागे, बरणीत. गरम दुधात लाह्या आणि केळं, हे सीरियलच झालं की, आणि स्वस्तही.

चिलीमध्ये 2016 पासून जास्त साखरेच्या पुड्यावर समोरच काळा अष्टकोनी शिक्का मारावा लागतो, आणि शिक्का असलेल्या पुड्यावर पोरांना भुलवणारी कार्टूनं चालत नाहीत. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणानं सप्टेंबर 2022 मध्ये पुड्यावर समोर पौष्टिकतेचे तारे छापण्याच्या नियमाचा मसुदा काढला. त्यात फायबर, सुकामेवा यांचे गुण मिळवून साखरेचे दोष झाकता येतात. तारे बघून लोक उलट निर्धास्त होतील. मला तरी चिलीचा शिक्का पटतो, कारण त्यासाठी चष्मा लागत नाही. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही पुड्याच्या समोरच्या लेबलचं काम मार्गी लावायला मुदत घालून दिली होती.

आपल्याला विनंती इतकीच, की पुरवणीत एखाद्या पुड्याच्या मागच्या बाजूचा फोटो पानभर मोठा करून छापा, नाव हवं तर झाका, आणि शेजारी ओळ न् ओळ मराठीत लिहा. ते पान मी दुकानात काट्याशेजारी लावीन.

आपला,
एक किराणा दुकानदार, कराड