पॉम्पेईच्या गाईड काकांना, पुण्याहून

प्रिय काका,

तुम्हाला इंग्रजीत मेल केलाय, पण मनातलं निम्मं पण त्यात उतरलं नाही. म्हणून हे मराठीत लिहितेय, तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते निदान माझ्या माणसांना तरी कळू दे.

इटलीत नेपल्सला एक सेमिस्टर शिकायला होते तेव्हाची गोष्ट. पॉम्पेई, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं ते जुनं रोमन शहर, बघायला आले होते. ज्या ग्रुप टूरचे पैसे भरले होते ते लोक मला न घेताच आत गेले, ट्रेन लेट झाली म्हणून मी वीस मिनिटं उशिरा पोचले आणि नंतर कोणी फोन पण उचलेना. गेटपाशी रडवेली उभी होते. तुमची शेवटची टूर संपली होती, जेवायला निघाला होतात, तरी थांबलात, विचारपूस केलीत आणि म्हणालात चल, आणि मग तीन तास फिरवलंत मला, एक पैसा न घेता.

तुम्ही घाई केली नाहीत हे सगळ्यात आवडलं. रस्त्यातल्या दगडांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खाचा दाखवल्यात, मला खाली बसवून हात आत घालायला लावलात. चाकोरी हा शब्द मी लहानपणापासून वापरतेय काका, पण खरी चाकोरी हाताला त्या दिवशी पहिल्यांदा लागली, गुळगुळीत आणि उन्हाने तापलेली. बेकरीतली ती लाव्हाच्या दगडाची मोठमोठी जाती बघून मला आज्जीचं जातं आठवलं, फक्त तिचं हाताने फिरायचं आणि ही गाढवं फिरवायची. आणि तारखेचं सांगितलंत ते तर अजून डोक्यात आहे, की इसवी सन 79 चा उद्रेक 24 ऑगस्टचा असंच सगळे म्हणत आले, पण 2018 मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ऑक्टोबरमधली तारीख सापडली, आणि कोळसा काही भिंतीवर वर्षानुवर्षं टिकत नाही, म्हणजे ते लिहिणारा माणूस बहुतेक उद्रेकाच्या थोड्याच दिवसांपूर्वी तिथे उभा होता, आणि उद्रेक ऑगस्टऐवजी ऑक्टोबरमधला असू शकतो.

मग विचारलंत, इंडियात कुठली? पुणे म्हटल्यावर तुमचा पुढचा प्रश्न, "तिथून बोकार्दान किती लांब?" मला आधी कळेचना. भोकरदन! आपल्या जालना जिल्ह्यातलं! तिथून मला त्या मोठ्या रस्त्यावरच्या एका घरासमोर नेलंत. 1938 मध्ये त्या घरात हस्तिदंताची एक भारतीय मूर्ती सापडली, पॉम्पेईची लक्ष्मी म्हणतात तिला, खरं तर ती यक्षी असावी असंही अभ्यासक म्हणतात, आणि तशाच मूर्ती भोकरदनला आणि तेरला सापडल्यात म्हणून ती आपल्याकडूनच गेली असावी असं बऱ्याच जणांना वाटतं. दुसऱ्या दिवशी तुमच्या सांगण्यावरून नेपल्सच्या म्युझियममध्ये गेले. जेमतेम 25 सेंटीमीटरची ती बाई, अंगभर दागिने, हातात कोपरापर्यंत बांगड्या, दोन्ही बाजूला दोन छोट्या दासी. ज्वालामुखीच्या राखेखाली जवळपास 1900 वर्षं होती. मी काचेसमोर उभी राहून चक्क मराठीत बोलले तिच्याशी.

काका, माझं आजोळ बार्शीचं. तेर तिथून जवळ, गोरोबा काकांच्या दर्शनाला आम्ही दर वर्षी जायचो, देऊळ, प्रसाद, परत एसटी. तिथल्या म्युझियममध्ये काय आहे हे घरात कोणीच कधी सांगितलं नाही, मी पण कधी विचारलं नाही. ते मला तुम्ही सांगितलंत, इतक्या लांब बसून, आणि तेर हे जुनं तगर, रोमन जगाशी व्यापार करणारं शहर, हे पण तुमच्याच तोंडून ऐकलं.

पुण्याला परतल्यावर पहिल्याच सुट्टीत आईला आणि मामाला घेऊन तेरला गेले. गोरोबा काकांना नमस्कार केला आणि तिथून सरळ म्युझियम. तिथली हस्तिदंती बाई बघितली आणि मोबाईलमधला नेपल्सचा फोटो काढून आईच्या हातात दिला. आई एकदा फोटोकडे बघायची, एकदा मूर्तीकडे, मग मामाला म्हणाली, "अरे, कंबरपट्टा बघ, बहिणी वाटतात या."

खूप खूप आभार काका. मेलला तेरचे फोटो जोडलेत, आईने स्वतः काढलेत, एक जरा हललाय पण तो पण ठेवलाय. भोकरदनला अजून गेले नाहीये, दिवाळीच्या सुट्टीत जाणार आहे, तिथले पण पाठवते.

तुमची,
पुण्याची ती ट्रेन लेट झालेली मुलगी