"ऑफिस यूज्ड" सांगून ओव्हरक्लॉक केलेला (कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त स्पीडने पळवलेला) पीसी विकलात, प्रोसेसर बदला नाहीतर पैसे परत करा

नमस्कार सपोर्ट टीम,

ऑर्डर नंबर सब्जेक्टमध्ये टाकलाय, परत विचारू नका प्लीज, दरवेळी तिकीट नवीन माणसाकडे जातं आणि मला पहिल्यापासून पुराण सांगत बसावं लागतं.

तुमच्याकडून रिफर्बिश्ड पीसी घेतला, प्रोसेसर आय सेव्हन ८७००के, लिस्टिंगमध्ये चक्क लिहिलेलं "ऑफिस यूज्ड, टेस्टेड ओके, ६ महिने वॉरंटी". आल्यापासून हा कधीही मान टाकतो. त्यातही गंमत अशी की व्हिडिओ रेंडरला लावला तर निवांत चालतो आणि नुसतं क्रोम उघडून बसलं की निळी स्क्रीन, डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर, म्हणजे हार्डवेअरची चूक.

तुमचं उत्तर ठरलेलं, विंडोज फॉरमॅट मारा. मारलं, काही फरक नाही. मग एसएसडी काढून लिनक्सच्या पेनड्राइव्हवर चालवला, तिथेही हँग, म्हणजे विंडोजचा काही संबंध नाही. रॅमची एकेक स्टिक लावून रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्राम), क्लीन. ग्राफिक्स कार्ड काढून ऑनबोर्डवर चालवला, मित्राचा पॉवर सप्लाय लावला, रडगाणं तेच. इव्हेंट व्ह्यूअर उघडलं तर दरवेळी कॅश हायरार्की एरर (प्रोसेसरच्या आतल्या मेमरीची चूक) आणि खाली प्रोसेसर एपीआयसी आयडी ६, म्हणजे कोणत्या कोअरवर चूक झाली ते सांगणारा नंबर. प्रत्येक वेळी ६च! सहा कोअरमधला एकच कोअर बोंबलतोय हे आता मी सांगायचं का तुम्हाला?

पुढचं नीट वाचा. बायोसमध्ये चालू सेटिंग डीफॉल्ट होती, तेवढं तुमच्या माणसाने केलं, पण सेव्ह केलेली प्रोफाइल्स पुसायला विसरला. तिथे "५.१ फायनल" नावाचं प्रोफाइल आहे, सेव्ह न करता नुसतं लोड करून बघितलं तर मल्टिप्लायर ५१, म्हणजे ५.१ गिगाहर्ट्झ स्पीड, आणि व्होल्टेज १.४४. या चिपचा कंपनीचा टर्बोच (गरज पडली की आपोआप वाढणारा स्पीड) जास्तीत जास्त ४.७ गिगाहर्ट्झ आहे, तोही एका कोअरला. कुठल्या ऑफिसात टॅली ५.१ वर चालवतात ते मला एकदा बघायचंय.

मग टर्बो बंद करून मूळ ३.७ वर ठेवला, एकदाही क्रॅश नाही. टर्बो चालू ठेवून व्होल्टेज जरा वाढवलं, तरी ठीक. म्हणजे सरळ आहे, जास्त व्होल्टेज आणि गरमी खाऊन चिप थकलीये, कंपनीच्या स्पीडला कंपनीचं व्होल्टेज तिला आता पुरत नाही. क्रोमवर पडतो तोही याच्यामुळेच, हलक्या कामात एकेक कोअर ४.७ पर्यंत उडी मारतो, रेंडरला सगळे कोअर मिळून ४.३ च्या वर जातच नाहीत.

आणि कूलर काढून पेस्ट बदला हे तुमच्याच इंजिनिअरने फोनवर सांगितलं होतं, म्हणून काढला, तर प्रोसेसरच्या कॅपच्या (वरच्या धातूच्या झाकणाच्या) कडेला काळा सिलिकॉन ओबडधोबड फासलेला, एका कोपऱ्यात तर बाहेर आलाय. ८७००के मध्ये कॅपखाली सोल्डर नसतं, पेस्ट असते, म्हणून गरमी लवकर बाहेर जावी यासाठी ओव्हरक्लॉकवाले कॅप उघडून लिक्विड मेटल भरतात. ही पण उघडलेली दिसतेय, फोटो जोडलाय. आता "कस्टमरने छेडछाड केली" हे मला ऐकवू नका, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आणि तुमच्या इंजिनिअरचं कॉल रेकॉर्डिंग दोन्ही आहे.

यावर तुमच्या माणसाचं म्हणणं, "मग टर्बो बंदच ठेवा ना सर." अहो मग लिस्टिंगमध्ये ४.७ कशाला लिहिलंत आणि पैसे त्याचे का घेतलेत?

ओव्हरक्लॉक केलेला माल विकू नका असं मी म्हणत नाहीये, सांगून विका, किंमत कमी लावा, घेणारे घेतील. मला दुसरा प्रोसेसर द्या, स्टॉक सेटिंगवर माझ्यासमोर चालवून, किंवा शिपिंगसकट पूर्ण रिफंड. कूपन आणि स्टोअर क्रेडिट नको. पुढच्या शुक्रवारपर्यंत लेखी उत्तर नाही आलं तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकतोय, तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

पिकअप शनिवार-रविवारीच पाठवा, इतर दिवशी घरी कोणी नसतं. बॉक्स आणि थर्माकोल ठेवलेत.