आधी डॉक्टर, मग स्कोअर

राजारामपुरी, कोल्हापूर
रविवार

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवर बोलता बोलता तू सांगून गेलास, जोतिबाच्या पायऱ्या चढताना छाती दाबल्यासारखी होते, जरा टेकलं की जातं. आणि लगेच म्हणालास, "तुझ्यासारखी हृदयाच्या कॅल्शियमची सीटी मीपण करतो, स्कोअर शून्य आला की मोकळा." वहिनी शेजारी होत्या म्हणून तेव्हा बोललो नाही. पोस्टाची वाट बघायला नको, लिहून फोटो पाठवतोय. गड्या, ती तपासणी आत्ता तुझ्यासाठी नाही. तू आधी हार्टच्या डॉक्टरांकडे चल.

मी ती केली तेव्हा मला कसलाच त्रास नव्हता. कोलेस्टेरॉल थोडं वर, थोरल्या काकांना पन्नाशीच्या आत झटका आलेला, आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करायची का यावर माझं मन ठरत नव्हतं. अशा काठावरच्या माणसाला तिचा उपयोग. सुई नाही, डाय नाही. छातीला ईसीजीच्या वायरी लावतात, श्वास धरायला सांगतात, काही सेकंदांत झालं. किरणं साधारण 1 मिलिसिव्हर्ट, वर्षभरात निसर्गातून मिळतात त्याहून कमीच.

हृदयाच्या रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेला चरबीचा थर जुना झाला की त्यात कॅल्शियम धरतं, आणि ते सीटीवर पांढरं दिसतं. 130 हाउन्सफील्डपासून (सीटीवर घनता मोजायचं एकक) वरचा प्रत्येक डाग धरायचा, त्याच्या क्षेत्रफळाला घनतेप्रमाणे 1 ते 4 ने गुणायचं आणि बेरीज करायची, तोच स्कोअर. आर्थर ॲगॅटस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये ही रीत मांडली. माझी बेरीज 164 आली. 100 च्या वर गेलं की डॉक्टर सहसा स्टॅटिन, म्हणजे तीच कोलेस्टेरॉलची गोळी, घ्या म्हणतात. मी घेतोय.

पण त्यात मोजलं जातं ते फक्त कॅल्शियम. नळी किती अरुंद झालीय, रक्त पुढे किती जातंय, हे त्यात कळत नाही. नवा मऊ थर तर दिसतच नाही, आणि तोही फुटून गुठळी होऊ शकते. शून्य आला म्हणजे धोका कमी, हा दिलासा ज्या अभ्यासांवर उभा आहे त्यातला मोठा म्हणजे अमेरिकेतला मेसा. 2000 साली सुरू झाला, 6,814 माणसं, आणि सुरुवातीला त्यातल्या कुणालाही हृदयविकार नव्हता. गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे लोक होते, आपल्याकडच्यांचा गट नव्हता. तो दिलासा तुझ्या दाबणाऱ्या छातीला कसा लावायचा? त्यात तुला शुगर, आणि सिगारेट अजून सुटलेली नाही. अमेरिकेच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांमध्येसुद्धा शून्य बघून गोळी लांबवायची सवलत मधुमेही आणि धूम्रपान करणाऱ्यांना दिलेली नाही.

मला भीती शून्याचीच वाटते. तो कागद खिशात घालून तू पुन्हा डोंगर चढायला लागशील.

चढताना दाबतं आणि थांबलं की जातं, हे हृदयाचंच आहे असं धरून चालायचं, डॉक्टर नाही म्हणेपर्यंत. ईसीजी, इको, ट्रेडमिल, डाय घालून केलेली सीटी की थेट अँजिओग्राफी, ते डॉक्टर ठरवतील. तोवर पायऱ्या नको, जड ओझं नको. आणि बसल्याजागी दुखलं, घाम फुटला, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, तर ॲसिडिटीची गोळी घेऊन बघत बसू नकोस. सरळ 108 ला फोन कर.

आज रात्री वहिनींना सगळं सांग. लपवलंस तर मी सांगणार. उद्या सकाळी गारगोटीहून पहिल्या एसटीनं ये, मी सीबीएसवर थांबतो. सगळे जुने रिपोर्ट आणि शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी आण. डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे, जेवायला आमच्याकडेच.

तुझा,
सुभाष