माझी रात्रपाळी

चिंचवड, रविवार

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "अजून झोपेत बरळतोस का रे?" मी हसून विषय टाळला. आता लिहितो, कारण फोनवर पाचव्या मिनिटाला मला जांभई येते आणि तुला वाटतं तुझा कंटाळा आलाय.

कराडच्या होस्टेलवर तू माझ्या बडबडीला उत्तरं द्यायचास आणि सकाळी मेसमध्ये अख्खा संवाद सादर करायचास. इथंही तेच. "दोन नंबरची लाईन बंद करा, माल रिजेक्ट होतोय," असं मध्यरात्री ठणकावून सांगतो म्हणे. आईनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मोहऱ्या तडतडल्या, मी रात्री पुन्हा बोललो.

हसण्यावारी गेलं असतं, पण दिवसा अंगात जीवच नसायचा. आठ तास झोपूनही डोकं जड. कंपनीच्या बसमध्ये तर सगळेच पेंगतात, पण एकदा नाशिक फाट्याच्या सिग्नलला चालू गाडीवर डुलकी लागली. मागच्या रिक्षावाल्यानं शिवी हासडली तेव्हा जाग आली. देव त्याचं भलं करो. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, सगळं ठीक.

मग हिनं गंमत म्हणून मोबाईलवर माझी बडबड रेकॉर्ड केली. सकाळी ऐकताना दोघंही हसत होतो. लाईन बंद करा... मग घोरणं... मग काहीच नाही. ही हसायची थांबली, स्क्रीनवरचे आकडे बघायला लागली. बावीस सेकंद. मग बुडता माणूस पाण्यावर यावा तसा मोठा आवाज करून श्वास.

डॉक्टर म्हणाले, "झोपेत बोलणारे खूप असतात, त्यानं सहसा काही बिघडत नाही. तुमचं ते गप्प होणं मला तपासायचंय." एक रात्र डोक्याला, छातीला वायरी लावून झोपलो. तासाला सरासरी ३४ वेळा श्वास अडत होता. ५ च्या आत हवा, ३० च्या वर गंभीर. घसा सैलावून वाट बंद होते, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. म्हणजे मी रोज रात्रपाळीच करत होतो की, तीही बिनपगारी!

आता सी-पॅप मशीन लावून झोपतो, म्हणजे तोंडावर मास्क आणि त्याला नळी, तिच्यातून येणाऱ्या हवेच्या दाबानं घसा उघडा राहतो. धाकटी म्हणते, बाबांचा गणपती झाला. आधी झोपेतच मास्क काढून फेकायचो, आता चार-पाच तास टिकतो. दुपारी अजून जड वाटतं, पण हे पत्र एका बैठकीत झालं, बघ.

आणि तू मागच्या दिवाळीत आमच्याकडे पुरणपोळीच्या ताटावर पेंगत होतास, ते मी विसरलेलो नाही. घोरणं तर होस्टेलपासून माहितीये. वहिनींना एक रात्र मोबाईल चालू ठेवायला सांग आणि ऐकून मला कळव.

तुझा,
बंड्या