संजीवनीचा गोळा आणि हेजहॉग

सोलापूर,
दि. २१ जानेवारी

चि. अनघा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या निबंधाचा मसुदा वाचला. "संकट येताच क्लबमॉस या बिनफुलांच्या वनस्पतींच्या वर्गातील संजीवनी आणि हेजहॉग दोघेही अंग मिटून घेतात" हे वाक्य वाचायला गोड आहे, परंतु 'मिटून घेतात' या एका क्रियापदात तू दोन निराळ्या गोष्टी कोंबल्या आहेस.

राजस्थान-गुजरातच्या कोरड्या प्रदेशातील भारतीय हेजहॉगला धोक्याची चाहूल लागली की तो कातडीखालचा कंकणाकृती स्नायू आवळतो, आणि बटव्याची नाडी ओढावी तसे त्याचे डोके, पाय व मऊ पोट काटेरी कातडीच्या आत जाते. हे त्याने स्वतः केलेले काम आहे. धोका टळला की तो आपणहून उलगडतो. (त्याला साळींदराचा भाऊ म्हटले आहेस, तेही खोडून टाक, साळींदर कुरतडणाऱ्या प्राण्यांतले, तर हेजहॉग आपल्या चिचुंद्रीच्या गोतावळ्यातला.)

संजीवनीला स्नायू नाहीत. गेल्या वर्षी गड्ड्याच्या यात्रेत मी घेतलेला वाळलेल्या संजीवनीचा तपकिरी गोळा तुला आठवत असेल. रात्रभर ताटलीतील पाण्यात ठेवल्यावर सकाळी त्याच्या फांद्या पसरल्या, आजीने हात जोडले, पण रंग तपकिरीच राहिला आणि चार दिवसांत त्याला बुरशी धरली. म्हणजे विकत घेतली तेव्हाच ती वनस्पती मेलेली होती, आणि तरीही उघडली! मेक्सिकोच्या वाळवंटातील तिच्या जातभाईच्या अभ्यासातून याचे कारण कळते: देठाच्या दोन बाजू सारख्या आक्रसत नाहीत, म्हणून वाळताना तो आत वळतो. उन्हाळ्यात तळ्याकाठच्या चिखलाची खपली कडेने वर वळते, तसेच हे.

जिवंत रोपाची करामत मात्र वेगळी आहे. जवळजवळ सगळे पाणी गेले तरी त्याच्या पेशी मोडत नाहीत, गोळा झाल्यामुळे आतल्या पानांना कडक ऊन लागत नाही, आणि पाणी मिळताच काही तासांत ते पुन्हा हिरवे होते. साम्य दाखवायचेच असेल तर ते येथे शोध, कारण अन्नपाण्याची टंचाई पडली की भारतीय हेजहॉगही बिळात सुस्त पडून, शरीराचा व्यवहार मंदावून दिवस काढतो.

तो गोळा मी टाकलेला नाही. पाणी आटल्यावर कपाटावर तो पुन्हा आवळून बसला आहे. येशील तेव्हा भिजवून पाहा. तो मेलेला आहे, हे मात्र आजीला सांगू नकोस.

तुझे,
बाबा