हवालदार काका, हे पत्र तुम्हाला

हवालदार काका, साष्टांग नमस्कार.

आषाढातल्या त्या पावसात तुम्ही कल्याणहून आलात तेव्हा आमच्यापैकी कुणीच तुम्हाला ओळखत नव्हतं. आजोबांनाही तुम्ही कधी भेटला नव्हता. ते १९८० साली नाईक म्हणून निवृत्त झाले, तुम्ही त्यानंतर कितीतरी वर्षांनी भरती झालात. "पलटणीतलं माणूस गेलं, एवढं कळलं," इतकंच म्हणालात आणि चप्पल बाहेर काढून सरळ खांदा द्यायला उभे राहिलात.

भोईवाड्याला अग्नी देण्याआधी तुम्ही सावधानमध्ये उभं राहून "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की..." असा आवाज दिलात. चाळीतल्या पोरांनी, वडिलांनी, माझ्यासकट सगळ्यांनी "जय" म्हटलं. वडील तोपर्यंत रडले नव्हते.

आम्हाला ठाऊक होते ते लालबागचे आजोबा. लष्करातून आल्यावर गिरणीत वॉचमन झालेले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरणी परत उघडलीच नाही, आणि त्यांच्या पेन्शनवर दोन आत्यांची लग्नं झाली, वडिलांचं शिक्षण झालं. मजल्यावर कुणाच्या घरी चूल पेटली नाही तर आजीला न विचारता डबा भरून नेऊन द्यायचे. पण दर वर्षी ११ डिसेंबरला पहाटे उठून दाढी करायचे, बूट चकाकवायचे आणि गॅलरीत एकटेच उभे राहायचे. त्या दिवशी त्यांच्याशी बोलायचं नाही हे आम्हा नातवंडांना पाठ होतं. का, ते कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

ते तुम्ही सांगितलंत. तेराव्यानंतर आजीने काळी पेटी उघडली, झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर. डिस्चार्ज बुक तुम्ही दोन्ही हातांनी घेतलंत. 'जंगी पलटण', म्हणजे पहिली मराठा, असं वाचलंत, 'पूर्वी स्टार' हे युद्धाचं पदक तळहातावर ठेवलंत आणि तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरची लढाई सांगायला बसलात. १९७१. शरण या, असं आपल्या ब्रिगेडियरनी पत्र पाठवलं, तर समोरून उत्तरासोबत बंदुकीची गोळी आली. १० डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानची बलूच पलटण वेढा फोडून ढाक्याच्या वाटेला निघाली, आणि त्या वाटेवर मराठे दबा धरून बसले होते. उजाडलं तेव्हा ११ तारीख होती. आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. लग्नाला पंचावन्न वर्षं झाली होती, पण जमालपूरचं हे सगळं तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

फॅमिली पेन्शनचं काम तर तुमच्याशिवाय झालंच नसतं. लष्कराच्या नोंदीत आजीचं लग्नातलं नाव, आधारवर माहेरचं. एका बँकेतून आम्हाला तीनदा परत पाठवलं, आजीला खुर्चीसुद्धा दिली नाही. तुम्ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घेतलंत, सैनिक कल्याण कार्यालयात सोबत आलात, 'स्पर्श' या लष्करी पेन्शनच्या पोर्टलवर कागद चढेपर्यंत माझ्या शेजारी बसलात. दर खेपेला तिकीट स्वतःच्या खिशातून. चहाचे पैसे दिले तर रागावलात.

गेल्या आठवड्यात पहिली पेन्शन जमा झाली. आजीने पासबुक भरून आणलं, ती ओळ मला दोनदा वाचायला लावली आणि मग आजोबांच्या फोटोपुढे ठेवलं. तुमचे आभार कसे मानायचे ते तिला कळत नाही. मलाही नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

काका, येत्या ११ डिसेंबरला जेवायला याच. काकूंनाही आणा. धीमी गाडी पकडा, करी रोडला जलद थांबत नाही. मी पुलाखाली घ्यायला येईन. आजोबांचे बूट त्या सकाळी वडील पॉलिश करणार आहेत. त्यांना जमत नाही, जरा लवकर येऊन दाखवाल का?

आजोबांची नात